एचआयव्ही अँटिबॉडीच्या लॅबमध्ये मुलीला पाठवावं का?

प्रश्न: मुलगी टीवायबीएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी. एचआयव्हीला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी तपासण्याच्या कामात शिरायचं म्हणते. मला संसर्गाची धास्ती वाटते. आणि यात पोट भरेल का? – एक आई, चिंचवड

ताई, आधी धास्तीचं बघू. या तपासणीत बहुतेक वेळा जिवंत एचआयव्ही नसतो, स्यूडोव्हायरस म्हणजे लॅबमध्ये बनवलेला नकली विषाणू असतो. 293टी या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये दोन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, सोडतात. एकावर विषाणूच्या आवरणाचं जनुक, दुसऱ्यावर आवरण सोडून बाकीचा ऐवज. तयार होणारा कण पेशीत एकदाच शिरतो, त्याची पुढची पिढी निघत नाही. धोका असलाच तर रुग्णांच्या सीरममधून, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवातून; अँटिबॉडी त्यातच असतात. म्हणून बायोसेफ्टी लेव्हल 2 ची, म्हणजे लॅबमधल्या जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची शिस्त पाळावीच लागते. हेपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आत्ताच सुरू करा.

खरा प्रश्न हाताच्या अचूकपणाचा आहे. प्लेटला 96 खळगे. पहिल्या स्तंभात नुसत्या पेशी, दुसऱ्यात पेशी आणि विषाणू. उरलेल्या दहांत प्रत्येकी दोन स्तंभ धरून सीरमचे पाच नमुने. सीरम 56 अंशांवर तासभर ठेवून घेतात. सुरुवात 1:20 पासून. मग पिपेटने 50 मायक्रोलिटर उचलून पुढच्या खळग्यातल्या 100 मायक्रोलिटर द्रवात, म्हणजे दर पायरीला तिप्पट पातळ. आठव्या खळग्यात 1:43,740. पहिल्याच पायरीला बुडबुडा आला की ती चूक खालपर्यंत उतरते, आणि आलेख मात्र गुळगुळीत दिसतो! त्यात विषाणू घालून 37 अंशांवर तासभर, मग दर खळग्यात 10,000 टीझेडएम-बीएल पेशी; विषाणू आत शिरला की या पेशी ल्युसिफरेज हे उजेड पाडणारं प्रथिन बनवतात. 48 तासांनी ल्युसिफरेजचा उजेड मोजतात. नुसत्या विषाणूच्या तुलनेत तो निम्म्यावर येतो तेव्हा सीरम जितकं पातळ असतं, तो आकडा म्हणजे आयडी50.

कडेचे खळगे इन्क्युबेटरमध्ये सुकतात, आकडे वाकडे येतात. रुग्ण एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर असेल तर सीरममधलं औषधच विषाणू रोखतं आणि अँटिबॉडी जोरदार असल्याचा भास होतो. म्हणून उंदराच्या ल्युकेमिया विषाणूचं आवरण असलेला स्यूडोव्हायरस शेजारी लावतात. एचआयव्हीची अँटिबॉडी त्याला अडवत नाही; तरी तोही अडला, तर निकालावर विश्वास नाही.

हे किचकट वाटेल, पण 2021 मध्ये जाहीर झालेल्या व्हीआरसी01 या अँटिबॉडीच्या चाचण्यांमध्ये याच तपासणीने उलगडा केला: त्या अँटिबॉडीने एकूण संसर्ग घटवला नाही, पण प्रयोगशाळेत तिला सहज बळी पडणाऱ्या विषाणूंपासून साधारण 75 टक्के संरक्षण दिलं.

आता पोटाचं. पुण्यात भोसरीची नारी ही एड्स संशोधन संस्था (1992 ची, नाव बदललं तरी लोक नारीच म्हणतात), एनआयव्ही ही विषाणू संस्था आणि विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस ही पेशीविज्ञान संस्था आहे. नुसत्या बीएस्सीवर प्रकल्पापुरतं कंत्राटी काम मिळतं. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. शास्त्रज्ञ व्हायचं तर एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएचडी. पीएचडीच्या सुरुवातीला मिळणारी जेआरएफची फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये, घरभाडं वेगळं. थोडक्यात, तिशीजवळ येईपर्यंत घरचा आधार लागेल. तो देता येत नसेल तर तसं आत्ताच स्पष्ट सांगा. रोगनिदान करणाऱ्या लॅब किंवा लस कंपन्यांचं क्वालिटी कंट्रोल हेही चांगले रस्ते आहेत.

दरम्यान तिला कॉलेजच्या अचूक वजनकाट्यावर एक काम करायला सांगा: पिपेटने 50 मायक्रोलिटर पाणी वीस वेळा उचलायचं, दर वेळी वजन लिहायचं. प्रत्येक नोंद 50 मिलिग्रॅमच्या जवळ हवी. आकडे एक-दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त हलले, तर पिपेटचं टोक पाण्यात किती बुडतंय आणि अंगठा किती झटक्याने सुटतोय ते बघायचं, आणि पुन्हा वीस.