नाडीचा काळा पट्टा आणि न भरणारी जखम

परवा एक शिक्षिका भेटायला आल्या होत्या. वय चौतीस. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि उठता उठता विचारलं, "कमरेला परकराच्या नाडीचा काळा पट्टा पडलाय. उन्हाळ्यात खूप खाजतो. साडीमुळे कॅन्सर होतो असं मोबाइलवर वाचलं. मला होईल का?" डॉक्टरांना दाखवलंत का, म्हटलं तर मान खाली. जागा अशी, की दाखवायची लाज वाटते.

आधी उत्तर देते. तसा पट्टा आपल्याकडे लाखो बायकांच्या कमरेला असतो आणि त्यातल्या बहुतेकींना आयुष्यात कर्करोग होत नाही. काळेपणा हा रोज एकाच जागी दाब आणि घर्षण झाल्याचा परिणाम. त्याची भीती नको. पण त्या पट्ट्यावर कधी जखम झाली आणि ती भरेना, तर मात्र एक दिवसही लाजू नका. असं का म्हणते, ते सखूआजींमुळे कळेल. नाव बदललं आहे.

सखूआजी वर्धा जिल्ह्यातल्या. वय अडुसष्ट. जन्मभर कपाशीच्या शेतात राबलेल्या, आणि लग्नापासून नऊवारी लुगडं. कामात सुटू नये म्हणून गाठ घट्ट, रोज त्याच जागी. विदर्भातला मे महिना, घाम, धूळ, वाकून केलेलं निंदण. उजव्या कुशीवर कातडी आधी काळी झाली, मग जाड, खरखरीत. खाजवून फुटायची, खपली धरायची, पुन्हा फुटायची. शेवटची जखम दीड वर्ष भरलीच नव्हती. हळद लावून झाली, खोबरेल तेल झालं. औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणलं, त्यात स्टेरॉइड होतं. खाज थांबली म्हणून सगळ्यांना वाटलं उतार पडला. अशा मलमानं खाज दबते, कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. आजींनी सुनेलाही जखम दाखवली नव्हती. लुगड्याला रक्त लागलं, वास येऊ लागला, तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी जखमेच्या उचललेल्या, टणक कडा पाहून सांगितलं की तुकडा काढून तपासायला हवा. आजी उठून चालायला लागल्या. तेव्हा मुलानं त्यांना माझ्याकडे आणलं.

"मले नाई कापून घ्याचं," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारची बाई, तिचा तुकडा काढला अन् सा महिन्यात गेली. लोखंड लागलं का ते पसरते."

ही भीती मी इतक्या वेळा ऐकली आहे की कुणी ती मूर्खपणाची म्हटली तर मला राग येतो. माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं : आधी तपासणी, मग मरण. मी समजावायला गेले नाही. त्या शेजारणीबद्दलच विचारत राहिले. गाठ कुठे होती? छातीला. तुकडा काढायच्या आधी किती दिवस होती? आजी जरा थांबल्या. "दोनेक साल असन. कोनाले सांगितलं नोतं तिनं." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी विचारलं, "आजी, बोंडात अळी आहे की नाही, कसं बघता?"

"फोडून."

"फोडलं म्हणून अळी येते का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "किती मोठा तुकडा काढतात, इचार."

तुरीच्या दाण्याएवढा. तेवढी जागा इंजेक्शननं बधिर करतात, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी जाता येतं. बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरत नाही. तो पसरतो तपासणी पुढे ढकलल्यानं.

अहवाल आला : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग. जांघेतल्या लसिकाग्रंथी सोनोग्राफीत साफ निघाल्या. हेच आमचं मोठं नशीब, कारण कमरेच्या जखमेतला आजार पुढे सरकला तर बहुतेकदा आधी तिथे जातो. भोवतालच्या निरोगी कातडीसकट जखम काढली आणि मांडीची कातडी घेऊन तिथे लावली. खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला.

हा आजार साडीनं आणलेला नवा प्रकार नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांमधल्या अशा कर्करोगाबद्दल लिहून ठेवलं आहे. काश्मीरमध्ये फेरन या लांब झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी धरून पोटाला, मांडीला वर्षानुवर्षं चटके बसतात, तिथे कांगडी कॅन्सर होतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही होऊ शकतो. सूत्र एकच : एकाच जागची कातडी वर्षानुवर्षं दुखावत राहणं.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरंच सांभाळतं, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी. पण त्यामुळेच आपण तो शोधतही नाही, आणि शोधला तर चेहऱ्यावर शोधतो. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा घातक प्रकार सावळ्या लोकांत बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे ऊन फारसं पोचत नाही. पायाला झालेलं कुरूप समजून लोक तो ब्लेडनं कापत बसतात. आंघोळीनंतर महिन्यातून एकदा तळपाय आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. पायाच्या बोटांच्या मधलीही जागा बघा. एकाच नखात नवी काळी रेघ उमटून रुंद होत असेल, किंवा तीळ वाढतोय, वेडावाकडा होतोय, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसताहेत, रक्त येतंय, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जन्मापासून जसाच्या तसा असलेला तीळ सहसा निरुपद्रवी असतो. बदल महत्त्वाचा. आणि कुठलीही जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर घरगुती उपाय थांबवून दाखवायचीच.

उन्हात राबणाऱ्यांनी डोक्याला उपरणं किंवा टोपी ठेवावी आणि खालच्या ओठाकडे लक्ष ठेवावं. तिथला न भरणारा चट्टा तंबाखूमुळे झाला म्हणून सोडून देतात, आणि तंबाखूमुळे असला तरी तो दाखवायलाच हवा.

शिक्षिकाबाईंना मी सांगितलं ते असं. नाडी बारीक दोरीसारखी नको, चार बोटं रुंद कापडी पट्टा शिवून घ्या, म्हणजे दाब पसरतो. गाठ रोज थोडी वर-खाली सरकवा. घरी आलात की सैल करा. कमर कोरडी करून खोबरेल तेल लावा. खाजेला मनानं मलम नको. आणि एकदा, फक्त एकदा, तो कातडीवरचा काळा पट्टा स्त्री डॉक्टरला दाखवून या. त्या दाखवून आल्या. साधी खरूजही नव्हती, नुसतं घर्षण होतं.

सखूआजींचा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला प्रश्न मात्र मला अपेक्षित नव्हता. किती जगणार, हे त्यांनी विचारलंच नाही. "आता लुगडं नेसू का नाई?" सुनेनं गाऊन आणून ठेवला होता, त्याला त्या हात लावत नव्हत्या. पन्नास वर्षं अंगावर असलेलं वस्त्र एका अहवालानं काढून घेणं मलाही पटेना. सर्जनशी मी बोलले. जागा पूर्ण भरेपर्यंत गाऊन, त्यानंतर लुगडं, पण गाठ व्रणावर येणार नाही अशी, सैल, आणि खाली मऊ सुती पट्टा. पट्टा सुनेनं जुन्या धोतराचा शिवला.

तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा हिरवं लुगडं होतं. व्रण साफ होता, जांघेत गाठ नव्हती. पुढची तारीख लिहून देताना म्हणाल्या, "वेचणी झाल्यावरची दे वं बाई, त्याच्या आंधी मले वेळ नाई."

वेचणीच्या आधीचीच तारीख दिली. मुलाच्या मोबाइलमध्येही टाकून घेतली.