नोकरी, रोज दोन तास लोकल आणि महिना पाचशे रुपये: यात नवीन काय शिकता येईल?

येईल, पण एका वेळी एकच विषय धरा: एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएससी यांचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) आठ आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम घ्या, म्हणजे तुमच्या दोन महिन्यांच्या हजार रुपयांत सगळं बसतं. शिकवणारे बहुतेक आयआयटीचे प्राध्यापक, व्हिडिओ आणि स्वाध्याय मोफत. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला, साधारण हजार रुपये. मी नोकरी सांभाळून असे दोन पूर्ण केलेत, म्हणून खात्रीने सांगतो. रात्री वायफायवर व्हिडिओ उतरवून ठेवायचे, सकाळी गाडीत ऐकायचे. उभ्याने प्रवास असेल तर फळा दिसत नाही, पण बोलणं कळतं. राहिलेली आकृती जेवणाच्या सुट्टीत पाहायची. स्वाध्याय मात्र बसूनच करा, रविवारी सकाळी तासभर पुरतो. अंतिम गुणांत स्वाध्यायाचे २५ आणि परीक्षेचे ७५ धरतात, आणि आठांपैकी सर्वोत्तम सहाच स्वाध्याय मोजतात. एखादा आठवडा ऑफिसात वर्षअखेरीचा गोंधळ असला तरी सगळं बुडत नाही, आणि आपल्यासारख्यांना ही सवलत फार मोलाची आहे.

एक अडचण आहे: परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. तुम्हाला शनिवार-रविवारी ड्युटी असेल तर आधी तारीख बघा, रजेची सोय करा, मगच पैसे भरा. इंग्रजी जड जात असेल तर काही अभ्यासक्रमांचा मराठी अनुवादही मिळतो, तो आहे का ते नोंदणीआधी तपासा.