सामान नंतर, आधी फोटो निवड

रविवारी पाच मैत्रिणी घरी येतायत, सगळ्या पहिल्यांदाच स्क्रॅपबुक (फोटो चिकटवून, शेजारी लिहून सजवलेली वही) करणार, तर सामान काय आणि कुठून आणू असं विचारलंयस. अगं सामानाचं सांगते, पण त्याआधी फोटोंचं बघ. आम्ही सात-आठ वर्षं असं बसतोय, आणि पहिल्या वेळी सकाळी दहाला जमलो, कागदातून आकार कापायचे पंच, स्टिकर, रंगीत कागद सगळं मांडलेलं, आणि दुपारी चारपर्यंत प्रत्येकीने फोनमधले फोटो वर-खाली करत हा बघ, तो बघ, ही कोण गं, एवढंच केलं. एकीचंही पान झालं नाही. मजा आली, नाही असं नाही, पण त्यासाठी कटरखाली ठेवायची कटिंग मॅट कशाला हवी होती!

तर आजच सगळ्यांना मेसेज टाक. एकच विषय घ्या, एक ट्रिप, एक बारसं किंवा मुलाचं एखादं वर्ष, आणि जास्तीत जास्त वीस फोटो शनिवारपर्यंत प्रिंट करून ठेवा. अख्खं लग्न घेऊन येणारी एक हमखास असते, तिला प्रेमाने मेंदीपाशी थांबव. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तसाच प्रिंटला द्यायचा नाही, तो पाठवताना बारीक झालेला असतो, ज्याने काढलाय त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवायचा. चार बाय सहा इंची प्रिंट नीट यायला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. पण सगळे चार बाय सहा काढलेत तर ए-फोर पानावर दोन-तीन बसले की लिहायला जागाच उरत नाही, म्हणून एकाच प्रिंटवर दोन फोटो शेजारी जोडून घ्या आणि मधून कापा, पैसेही निम्मे. घरच्या इंकजेटवर शक्यतो नको, जरा ओला हात लागला की रंग पसरतो.

जुने मूळ फोटो मात्र टेबलावर आणायचेच नाहीत. हे मी माझ्या चुकीवरून सांगतेय. आजीचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो घेऊन बसले होते, कोणीतरी पंख्याचा स्पीड वाढवला, कागद उडाले, ते धरायला चौघींनी हात घातले आणि चहाचा कप त्यावर. तेव्हापासून जुन्याची कॉपी काढूनच आणायची, चहा वेगळ्या स्टुलावर, आणि पंखा एकवर. उकडलं तर उकडलं.

आता सामान. पुण्यात आहेस तर अप्पा बळवंत चौकात कार्डशीट घे, २०० जीएसएमच्या वरचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त तितका कागद जाड), साधा झेरॉक्सचा कागद ७०-८०चा असतो, तो फोटोच्या वजनाने वाकतो. बारा बाय बारा इंचाचे परदेशी महागडे कागद पहिल्यांदा अजिबात नको. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४०ची, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद मला फार आवडतो, खरखरीत आहे पण पिवळा पडत नाही लवकर. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निन नावाच्या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून पेपरातली बातमी लावायची असेल तर तिची झेरॉक्स लावा. एटीएमच्या स्लिपा, थिएटरची छापील तिकिटं यांचीही झेरॉक्सच लावा, ती शाईने छापलेली नसतात, उष्णतेने उमटवलेली असतात, वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात. लॅमिनेट करायला जाऊ नका, त्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं होतं.

चिकटवायला डबल साइड टेप किंवा ग्लू स्टिक. पातळ पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागद पापडासारखा फुगतो. सेलोटेप तर नकोच, काही वर्षांनी पिवळी पडून डाग सोडते. कात्री आणि पट्टी प्रत्येकीने आपापली आणायची, कटर, मॅट, कॉर्नर पंच (फोटोचे कोपरे गोल कापणारा) एकेक असलं तरी पुरतं. जुन्या लग्नपत्रिका जमवून ठेव, सोनेरी किनारी फुकटात मिळतात (गणपती छापलेला भाग कोणी कापायला तयार होत नाही, तो ढीग माझ्याकडे अजून तसाच आहे).

टेबलावर रद्दी अंथरू नकोस, छपाईची शाई हाताला आणि हातावरून फोटोला लागते, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ बरा. सतरंजीवर बसायचं ठरवलंत तर दोन तासांत सगळ्यांच्या कमरा धरतात. खायला पोहे आल्या-आल्या देऊन टाक, हात धुवा, मग सुरुवात. मधे तेलकट काही नको, मखाणे किंवा खारे दाणे, तेही चमच्याने. कोणी भजी आणली तर सरळ ब्रेक घ्या.

लिहायचं राहून जातं बघ. ‘माझं अक्षर घाण आहे’ असं म्हणत सगळ्याच टाळतात. तू चिठ्ठ्या कापून ठेव, फोटो चिकटवायच्या आधी चिठ्ठीवर तारीख, जागा आणि एक वाक्य लिहायचं, बिघडली तर फक्त चिठ्ठी फेकायची. जेल पेन फोटोवर पुसतं, वॉटरप्रूफ शाईचं घे.

आणि ग्लिटर घेऊन येणारीला दारातूनच परत पाठव. आमच्याकडे गेल्या दिवाळीत फराळाच्या डब्यात सापडलं होतं, ते तीन वर्षांपूर्वीचं.