वाचकांचे प्रश्न : दोन महायुद्धे आणि जर्मनीचे ताट

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जर्मनीत लाखो नागरिक अन्नटंचाईने दगावले आणि त्याला ब्रिटिश नौदलाची नाकेबंदी कारणीभूत होती, असे वाचले. नाकेबंदी तर दुसऱ्या महायुद्धातही होती. मग त्या वेळी जर्मन शहरांत तशी उपासमार का झाली नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाकेबंदी हे कारण खरे, पण ते अपुरे आहे. युद्धापूर्वी जर्मनी आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा आयात करत असे आणि जनावरांचे खाद्य व चिलीहून येणारे सोरा हे नत्रखतही बाहेरूनच येत असे. १९१४ मध्ये समुद्रमार्ग बंद झाला. हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याची नवी पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधली होती, परंतु तो नत्र शेताऐवजी स्फोटकांच्या कारखान्यांकडे वळला. शेतातली माणसे आणि घोडे सैन्यात गेले.

त्यात भर पडली सरकारी धोरणाची. धान्य आणि बटाटे यांचे कमाल भाव ठरवून देण्यात आले, मांसाचे मात्र आरंभी मोकळे राहिले. साहजिकच शेतकऱ्याने बटाटा बाजारात नेण्याऐवजी डुकरांना घातला. मग विद्वान मंडळींनी हिशेब मांडला की माणसांच्या तोंडचा घास डुकरे खात आहेत, आणि १९१५ च्या वसंतात लाखो डुकरे कापण्यात आली. काही आठवडे मांस मुबलक झाले, त्यातले बरेचसे नीट टिकवता न आल्याने वाया गेले, आणि पुढे चरबीही नाही व शेणखतही नाही अशी अवस्था झाली. कागदावरचा हिशेब चोख होता, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

खरा घाव १९१६ च्या पावसाळी हंगामात बसला. बटाट्यावर करपा हा रोग पडला. द्राक्षांवरच्या रोगासाठी फवारल्या जाणाऱ्या मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची महती सांगलीच्या वाचकांना सांगायला नको. बटाट्याच्या करप्यावरही तोच उपाय होता. परंतु मोरचुदासाठी लागणारे तांबे दारूगोळ्यात खर्ची पडत होते, त्यामुळे फवारणी झालीच नाही आणि पीक आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. बटाट्याच्या जागी शिध्यात आले ते सलगमाच्या जातीचे, पिवळसर गराचे, एरवी गुरांना घालण्याचे कंद. त्यांचे सूप झाले, कटलेट झाले, मुरंबा झाला, पिठात मिसळून पावही झाला. १९१६-१७ चा तो हिवाळा जर्मन स्मृतीत या कंदाच्याच नावाने ओळखला जातो. एप्रिल १९१७ मध्ये पावाचा शिधा आणखी कापला, तेव्हा बर्लिन आणि लाइपझिगच्या कारखान्यांतील कामगार संपावर गेले. डिसेंबर १९१८ मध्ये जर्मन आरोग्य खात्याने नाकेबंदीमुळे झालेल्या नागरी मृत्यूंचा आकडा ७,६३,००० असा दिला. नंतरचे काही अंदाज सव्वाचार लाखांच्या आसपास आहेत. यातील बहुतेक माणसे थेट भुकेने नव्हे, तर खंगलेल्या शरीरात बळावलेल्या क्षयासारख्या रोगांनी गेली. युद्धविराम झाल्यावरही नाकेबंदी पूर्णपणे उठली ती जुलै १९१९ मध्ये.

घरची भूक सरकार उलथवू शकते, हा धडा नाझी राजवटीने पक्का गिरवला होता. म्हणून पोलंडवरील आक्रमणाच्या आधीच, ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, शिधापत्रिका वाटून झाल्या होत्या. सर्वसाधारण प्रौढाला आठवड्याला २,४०० ग्रॅम पाव आणि ५०० ग्रॅम मांस मिळे. एप्रिल १९४२ मध्ये ते अनुक्रमे २,००० आणि ३०० ग्रॅमवर आले, तेव्हा असंतोष इतका वाढला की त्याच वर्षीच्या शरद ऋतूत शिधा पुन्हा वाढवावा लागला. हे वाढीव अन्न व्यापलेल्या प्रदेशांतून ओढून आणलेले होते. अन्नखात्यातील हर्बर्ट बाके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोव्हिएत संघावरील स्वारीपूर्वीच, मे १९४१ मध्ये, नोंदवून ठेवले होते की आपल्याला हवे ते तेथून उचलले तर तेथील कोट्यवधी लोक उपाशी मरतील. सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास जिवंत राहिले नाहीत, त्यांतले असंख्य उपासमारीने. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की उपासमार झाली, फक्त ती जर्मनीच्या बाहेर ढकलण्यात आली. पराभवानंतर हा ओघ आटला आणि १९४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मन शहरांनी पुन्हा भूक पाहिली.

प्रश्न : जर्मन भाषेतील ‘एरझात्स’ हा शब्द या संदर्भात वारंवार येतो. त्याचा अर्थ काय?

उत्तर : बदली वस्तू. भाजलेल्या जवाची किंवा ओकच्या फळांची कॉफी हे त्याचे घरोघरचे उदाहरण. पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर पहिल्या महायुद्धात कोलोन शहराच्या प्रशासनात होते. त्यांनी मका, जव आणि तांदळाच्या पिठाचा पाव आणि सोयाबीनचे सॉसेज तयार करवले. सॉसेजमध्ये मांस हवेच, या नियमावर बोट ठेवून जर्मन पेटंट कार्यालयाने सॉसेज नाकारले. पेटंट मिळाले ते १९१८ मध्ये, शत्रूराष्ट्र असलेल्या ब्रिटनमध्ये.

प्रश्न : शिधापत्रिका सर्वांना सारखीच होती का?

उत्तर : नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील पत्रिका म्हणजे चार आठवड्यांपुरता, चौकोनी कुपनांनी भरलेला रंगीत कागद : पावाचा लाल, मांसाचा निळा, चरबीचा पिवळा. दुकानदार कात्रीने कुपन कापून घेई आणि रात्री ती सगळी मोठ्या कागदांवर चिकटवत बसे, कारण ते कागद दाखवल्याखेरीज त्याला पुढचा माल मिळत नसे. उपाहारगृहातही पैशांबरोबर कुपन द्यावे लागे. कष्टाचे काम करणाऱ्यांना जास्त शिधा होता, खाणकामगारांसारख्यांना त्याहून जास्त. ज्यूंच्या पत्रिकांवर मात्र ‘J’ (जर्मन उच्चार ‘योट’) हे ‘ज्यू’साठीच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर छापलेले असे. सप्टेंबर १९४२ च्या आदेशाने त्यांचे मांस, अंडी आणि गव्हाचे पदार्थ बंद झाले. त्याआधीच, १९४० च्या उन्हाळ्यापासून, बर्लिनमधील ज्यूंना दुकानात जाण्यासाठी दुपारी चार ते पाच हा एकच तास ठरवून दिला होता, आणि तोपर्यंत भाजीच्या टोपल्या बहुधा रिकाम्या झालेल्या असत.