धूमकेतूंची कक्षा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तोच गोंधळ पुन्हा पुन्हा पत्रांतून येतोय, म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

हॅलीचा धूमकेतू परत कधी?
जुलै 2061 अखेरीस तो सूर्याच्या सर्वात जवळ असेल.

सगळे धूमकेतू ऊर्टच्या मेघातूनच (सूर्यमालेभोवतीचं फार दूरचं बर्फाळ गोळ्यांचं कवच) येतात ना?
नाही. हॅलीसारखे बहुधा तिथलेच. पण वीस वर्षांच्या आत फेरी पुरी करणारे 'गुरू-परिवारातले' धूमकेतू मुख्यतः नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांच्या चपट्या, विखुरलेल्या चकतीतून येतात. म्हणून तर त्यांच्या कक्षा ग्रहांच्या पातळीच्या आसपास असतात.

67पी (चुर्युमोव-गेरासिमेन्को) हा धूमकेतू साडेसहा वर्षांनी येतो, तर 1969 आधी कुणालाच कसा दिसला नाही?
कारण आधी तो या वाटेने येतच नव्हता! 'धूमकेतूची वाट ठरलेली' हे ऐकीव वाक्य आता सोडा. फेब्रुवारी 1959 मध्ये तो गुरूजवळून गेला आणि सूर्यापासूनचं त्याचं किमान अंतर सुमारे 2.7 खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) 1.3 वर आलं. दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ गेरासिमेन्को यांनी घेतलेली फोटोची काच त्यांचे सहकारी चुर्युमोव तपासत होते. काचेच्या कडेजवळचा डाग त्यांना आधी कोमास सोला हा ओळखीचाच धूमकेतू वाटला. जागा मोजली तर पावणेदोन अंशांहून जास्त फरक! म्हणजे हा नवाच धूमकेतू, आपला 67पी.

लेक्सेलचा धूमकेतू तर याहून बोलका. 1770 मध्ये तो पृथ्वीपासून चंद्राच्या सहापट अंतरावरून गेला. फेरी साडेपाच वर्षांची, तरी पुन्हा कधीच दिसला नाही. 1767 मध्ये गुरूने त्याला आत ओढलं होतं, 1779 मध्ये गुरूनेच बाहेर भिरकावलं. शिवाय बर्फाची वाफ होऊन उडणारे झोतही धूमकेतूला ढकलतात. एन्के या धूमकेतूची फेरी एकोणिसाव्या शतकात दर खेपेला सुमारे अडीच तासांनी घटत होती. म्हणून जुन्या पुस्तकातली तारीख धरून बेत आखू नका. मायनर प्लॅनेट सेंटरची (लघुग्रह-धूमकेतूंच्या कक्षांची नोंद ठेवणारं केंद्र) ताजी कक्षा पाहा, ती वाचता येत नसेल तर जाणकाराला विचारा.

धूमकेतूसाठी '675 पट' दुर्बीण घ्यावी का?
नको. तो आकडा गिऱ्हाईक गळाला लावायला असतो. साठ मिलिमीटरच्या भिंगाला सव्वाशे पटीपुढे नुसता धूसरपणा दिसतो. धूमकेतूला 10×50 ची (दहा पट, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री बरी. आधी जवळच्या खगोल मंडळात जाऊन डोळा लावून पाहा, मग पैसे काढा.

बारा दिवसांपूर्वीच्या फोटोत धूसर ठिपका आहे. नवा धूमकेतू असेल?
बारा दिवस थांबलात कशाला? दुसऱ्याच रात्री तो सरकलाय का ते बघायचं होतं. न सरकणारे असे ठिपके (तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका) धूमकेतू म्हणून फसवतात, म्हणूनच धूमकेतू शोधणाऱ्या मेसिएने त्यांची यादी केली; आधी तीच पडताळा. मूळ फाइल, तारीख आणि अचूक वेळ घेऊन आजच अनुभवी निरीक्षकाला गाठा.