बात्सन, रापन आणि आपला खुर्दा

प्रश्न असा: ‘सोळाव्या ते अठराव्या शतकातली स्वित्झर्लंडची किरकोळ नाणी जमवतो. यादी मराठीत करतोय. “बॅट्झेन”, “रॅपेन” असंच लिहू का? बिलन धातूला काय म्हणू? आणि एकूण प्रकाराला “चिल्लर” चालेल?’

आधी उच्चार. जर्मन ‘झेड’ म्हणजे चोरातला च, चिमणीतला नव्हे. म्हणून बात्सन, आणि क्रॉयत्सर (हेही एक लहान नाणं). रापनमध्ये झेड नाही, पण तिथेही ‘रॅ’ नको, ‘रा’. ‘बॅट्झेन’ इंग्रजीच्या वळणाने आलंय. तिन्ही शब्द जर्मनमध्ये पुल्लिंगी आहेत आणि अनेकवचनातही तसेच राहतात. आपल्या ‘एक दगड, दोन दगड’सारखंच. तेव्हा तो बात्सन, चार बात्सन. ‘बात्सने’ करू नका.

बात्सन पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बेर्न शहरात निघाला. एक बात्सन म्हणजे चार क्रॉयत्सर. बेर्नच्या चिन्हात अस्वल आहे आणि ‘बेत्स’ हे अस्वलाचं लाडाचं नाव, त्यावरून बात्सन, अशी कथा सांगतात. दुसरं मत असं की ‘बात्सन’ म्हणजे गोळा, ढेकूळ. आधीच्या पातळ नाण्यांपुढे हे जाडजूड वाटलं म्हणून ते नाव. मला हेच पटतं, कारण आपल्याकडे ‘ढब्बू पैसा’ अगदी याच नजरेतून झालाय. ‘चांगलाच बात्सन’ म्हणजे घसघशीत रक्कम, असं तिकडे आजही म्हणतात.

रापनची गोष्ट चेष्टेची आहे. फ्रायबुर्गच्या (जर्मनीतल्या ब्राइसगाउ भागातल्या) पेनीवर गरुडाचं डोकं असे. लोकांनी त्याला ‘रापे’, म्हणजे डोमकावळा ठरवलं! या नाण्यांसाठी 1403 साली झालेल्या करारात आज स्वित्झर्लंडमध्ये असलेलं बाझेल शहरही होतं. 1850 च्या कायद्याने एका फ्रँकचे शंभर रापन झाले, ते आजतागायत.

आता ‘चिल्लर’. चुकीचं नाही, पण हल्ली माणसालाही चिल्लर म्हणतात, त्यामुळे संग्रहाच्या मथळ्यावर ते हलकं दिसतं. मी ‘खुर्दा’ सुचवेन. फारसी ‘खुर्द’ म्हणजे लहान. वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुकमधला तोच. त्या हिशेबाने मोठा चांदीचा टालर बुद्रुक आणि रापन, हालर ही मंडळी खुर्द! ‘मोड’ मात्र इथे बसत नाही. मोड मोठं नाणं मोडल्यावर हातात येते, ती नाण्याची जात नव्हे.

खरी अडचण बिलनची. चांदी थोडी, तांबं जास्त. सोनारांकडे यासाठी नेमका शब्द आहे: हीण. म्हणून ‘हिणकस चांदी’ लिहा. ‘खोट असलेली चांदी’ही बरोबर, पण ‘खोटं नाणं’ लिहिलंत की वाचणारा ते बनावट समजेल. ‘चांदीचा मुलामा’ही नको. या चकत्या छापण्याआधी आंबट द्रावणात उकळून वरचं तांबं काढून टाकत, म्हणून कोरं नाणं पांढरं दिसे. वरून काही चढवलेलं नसे. वापरात उंचवटे झिजले की आतला तांबूस रंग उघडा पडतो.

माझ्याकडच्या एका नाण्याची नोंद मी अशी केलीय: ‘अर्धा बात्सन, बेर्न. हिणकस चांदी. ढालीत अस्वल, मागे क्रूस आणि “दोमिनुस प्रोविदेबित” (देव पुरवील). अस्वलाची पाठ तांबूस, साल झिजलेलं.’