माहुलहून पेट्रोलचा टँकर चालवायला जड वाहनाचं लायसन्स पुरतं का?

नाही पुरत. लायसन्सवर धोकादायक माल वाहून नेण्याची वेगळी नोंद लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 9 प्रमाणे त्यासाठी 3 दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग आरटीओ ही नोंद करून देतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर असं लायसन्स 1 ऐवजी 3 वर्षं चालतं.

गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी बघाच:

- टँकरवरची आणीबाणी माहितीची पाटी. तिच्यावर मालाचं नाव, यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक (पेट्रोलचा 1203), आणि संपर्काचे फोन नंबर ठळक दिसले पाहिजेत. अपघात झाला की अग्निशमन दल आधी ही पाटीच वाचतं. पेटलेल्या पेट्रोलवर नुसतं पाणी मारलं तर आग पसरते, फोम लागतो. म्हणून मागच्या मालाची जुनी पाटी तशीच असेल तर गाडी हलवूच नका, मालक कितीही घाई करो.
- केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड. तुम्हाला नीट वाचता येईल अशा भाषेतलंच मागा.

मात्र लायसन्सवरची ही नोंद फक्त ड्रायव्हरची झाली. पेट्रोलच्या टँकरला पेट्रोलियम नियम, 2002 खाली स्फोटकं खात्याचा, म्हणजे पेसोचा वेगळा परवाना लागतो. तो मालकाकडून बघून घ्या.